अकरा सेकंद

इशबेल रेनीनं सव्वीस वर्षं डंडीत बस चालवली,
त्यामुळे घाई म्हणजे काय ते तिला ठाऊक आहे,
आणि घाईनं किती मिनिटं वाचतात, तेही.

मंगळवारी साडेसहाला ती ट्रॅकच्या कठड्याशी उभी असते.
गळ्यात दोन घड्याळं,
एक चालतं, एक नवऱ्याचं.

पहिल्या दिवशी मी जीव तोडून धावले.
पन्नाशीची बाई, शाळेच्या स्वयंपाकघरातली,
दाखवायचं होतं काहीतरी.
तिनं वहीत पेन्सिलीनं लिहिलं,
आणि म्हणाली, "शोना, आता हळू शीक."

हळू म्हणजे किती?
इतकं, की शेजारच्याला
घरातलं सगळं सांगता आलं पाहिजे.

म्हणून आम्ही सांगितलं.
ब्रॉटी फेरीच्या किल्ल्यापासून मोनिफीथपर्यंत,
वाळूचा वारा दातांत धरून.
केकच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या लाक्लनची आई
त्याला आताशा दूधवाला समजते.
दातांच्या दवाखान्यातली उना
कुणाला न सांगता गाणं शिकते.
कुणाचं लग्न कितव्या मैलावर मोडलं
ते मला पाठ आहे.
स्वतःचंही सांगून टाकलं मी एकदा,
चढ आला तेव्हा,
म्हणजे उरलेलं दमामुळे राहून गेलं असं वाटावं.

थेंबे थेंबे तळे साचे, म्हणतात.
नोव्हेंबरात थेंबे थेंबे फक्त मोजे भिजतात.
टेवरचा पूल सव्वादोन किलोमीटर,
समुद्रावरून धुकं आलं की पलीकडचं टोक नसतंच,
नुसता कठडा,
आणि पुढे कुठेतरी उनाचा खोकला.
जाऊन परत. जाऊन परत.
बुधवारी आराम. आराम हाही लिहिलेला असतो वहीत,
आणि तो चुकवला तर ती जास्त रागावते.

डिसेंबरात पोटरी धरली. तीन आठवडे
मी कठड्याशी तिच्या शेजारी उभी राहून
इतरांच्या फेऱ्या मोजल्या.
तेव्हा वही वाचायला मिळाली:
"वारा समोरून. लाक्लन झोपेत. तरी आला."
"शोना चारशेला एकशे सत्तावीस. परत एकशे सत्तावीस. परत."
कौतुकाचा एक शब्द नाही कुठे.
त्या तिसऱ्या "परत"खाली मात्र रेघ होती.

मार्चमध्ये कार्नूस्टीची दहा किलोमीटर.
माझा आजवरचा सगळ्यात चांगला वेळ आठ वर्षांपूर्वीचा,
चोपन्न मिनिटं तेरा सेकंद,
तेव्हा गुडघेही आठ वर्षांनी लहान होते.

सहाव्या किलोमीटरला एक हिरवी टोपी पुढे गेली.
जाऊ दिली.
आठव्याला तीच टोपी हातात घेऊन
तो माणूस चालत होता.
मी काही वेग वाढवला नव्हता,
मी नुसती होते तशी होते.

चोपन्न दोन.

अकरा सेकंद!
इतक्यात किटलीतलं पाणी कोमटही होत नाही.
बसचं दार उघडून मिटतं, बस.
रात्री अंथरुणात पडून मी शोधत बसले
कुठे सापडले हे.
दोन तरी पुलावरचे असतील, धुक्यातले.
एक त्या बुधवारचा, धावावंसं वाटूनही
मी भांडी घासली तेव्हाचा.
तीन कठड्याशी, नुसतं उभं राहून मिळवलेले.
बाकीच्यांचा हिशेब लागेना.
कदाचित लाक्लनच्या आईचे असतील,
किंवा उनाच्या गाण्यातले.

इशबेलनं आकडा लिहिला, पेन्सिल कानामागे खोवली,
"मंगळवारी हळू," म्हणाली,
आणि उनाची वाट बघू लागली.

सोमवारी शाळेच्या पायऱ्या
मी पाठमोरी उतरले, कठडा धरून,
एकेक.
जेवणाच्या रांगेतल्या एका पोरानं विचारलं,
"लागलं का?"
म्हटलं, "हो रे,
अकरा सेकंद कमी लागले."