सोड्याची उधारी

दुपारचं लेक्चर. डबे नुकतेच संपलेत,
पहिल्या वर्षाची पोरं डोळे उघडे ठेवून झोपलीत
आणि मी फळ्यावर काढतेय
स्वादुपिंडाच्या नळीतली एकच पेशी,
चौकोनी, विटेएवढी.
एका अंगाला रक्त,
दुसऱ्या अंगाला आतड्याकडं जाणारी वाट.

रक्तातला वायू आत येतो, मी सांगते,
तोच, जो आपण उच्छ्वासातून टाकून देतो.
पाणी पेशीत असतंच.
दोघांची गाठ घालून देतो
कार्बोनिक अनहायड्रेज.
नाव लांबलचक, घर इवलंसं,
घराच्या मधोमध जस्ताचा एक अणू
गादीवर बसलेल्या मुनिमासारखा.

इथं खडू थांबतो.

उदगीर. चौबाऱ्यापासून तिसरी गल्ली.
लोखंडी पिंजऱ्यात दोन बाटल्या उलट्या अडकवून
अप्पा दांडा फिरवायचे.
वायू सहजी विरघळत नाही पाण्यात,
त्याला दाबावं लागतं, गारठवावं लागतं,
घुसळावं लागतं खांदा निखळेस्तोवर.
मग बाटलीच्या गळ्याशी गोटी टक्कन बसायची
आणि मी मोजायचे: एक.
एकदा बाटली फुटली.
अप्पांच्या डाव्या भुवईत अजून रेघ आहे,
तिथं केस येत नाहीत.

लग्नात ठेच्यासोबत दहा भाकरी हाणून
लोक यायचे छाती चोळत:
गुरुलिंगअप्पा, एक खारा द्या, लवकर द्या.
कुणालाच ठाऊक नव्हतं
की खाऱ्याचा कारखाना
तेच पोटात घेऊन हिंडतात.
आंबट लोंढा आतड्याच्या दाराशी आला
की सिक्रेटिन नावाचा निरोप्या सुटतो रक्तातून,
आणि पिंडाच्या नळ्यांमधून
न बोलता, न फेसाळता
खारं पाणी वाहू लागतं.

मागच्या मे महिन्यात हे सगळं
अप्पांना सांगितलं होतं, ओसरीवर, वीज गेलेली.
काय शिकवलालीस गं पोरांना, त्यांनीच विचारलं.
मी म्हटलं, तुमचंच मशीन.
दांडा नाही, टाकी नाही,
एका सेकंदाला दहा लाख वेळा.
अप्पा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले,
दहा लाख? आन् एवढ्या गोट्या कुठून आणतंय ते?

हसून झाल्यावर त्यांनी खरा प्रश्न काढला.
पाणी घातलं, वायू घातला, खार भायेर दिला.
मग बाकी काय उरलं?
(सोड्याच्या वहीत ते पै सोडत नसत.)
आम्ल उरतं, अप्पा. ते परत रक्तात जातं.
म्हंजी आपण शाळकरी ऱ्हायचं आन् उधारी रगतावर?

तसं नाही, मी सांगितलं.
जठरानं जेवढं आम्ल पोटात ओतलं
तेवढाच खार तासाभरापूर्वी
रक्ताकडं जमा केलेला असतो.
हा घेतो, तो देतो,
जेवण जिरेपर्यंत खातं मिटतं.
अप्पांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.
चाळीस वर्षांत त्यांचं एकही खातं
असं मिटलेलं मला आठवत नाही.
कोल्ड्रिंकच्या गाड्या आल्या त्या साली
मशीन गेलं भंगारात, किलोवर.
वही तेवढी ठेवलीय त्यांनी,
त्यातली अर्धी नावं आता स्मशानात.

त्या रात्री बघितलं,
झोपेत त्यांचा अंगठा हलत होता
हवेत काहीतरी खाली दाबल्यासारखा.

मॅडम, मागच्या बाकावरून आवाज येतो,
धाराशिवची पोरगी, ऐश्वर्या भातलवंडे,
मॅडम, जस्तच का? लोखंड का नाही?

मला नीट सांगता येत नाही.
उद्या वाचून येते, मी म्हणते,
आणि हातावरचा खडू
साडीला पुसते, मग लक्षात येतं,
तोही कार्बोनेटच असायचा पूर्वी.