दव वाळेपर्यंत

पौष. वाळपई. सकाळचे सात.
चोर्ल्याच्या घाटातून उतरलेला गारठा
कायतान फुर्तादच्या भट्टीवर येऊन बसलाय,
शेजारच्या मांजरासारखा, कुणी बोलावलेलं नसताना.

मी शिडी लावतो. टेप, सुतळी, कानावर पेन्सिल.
बेचाळीस फूट लांबी, उतार सतरा, दोन बाजू:
चौदाशे अठ्ठावीस चौरस फूट.
म्हणजे कौलं दोन हजार, वर दोनशे फुटीची,
कारण कौल फुटतं. ट्रकात फुटतं, हातात फुटतं,
कुणी बघत नसलं तरी फुटतं.

जुनी किती चालतील, ते बोटाने वाजवून कळतं.
पक्कं कौल खणखणीत बोलतं,
चिरलेलं घसा बसल्यासारखं.
आज सगळ्यांचाच घसा बसलेला.
रात्रभर दव प्यालेलं कौल खरं सांगत नाही.
फक्त भट्टीच्या वरची पट्टी, चार हात रुंद,
कोरडी आणि कोमट.
तिथे तळवा ठेवून मी
जरा जास्तच वेळ मोजमाप केलं.

"किती?" खालून कायतानबाब.
"ऊन येऊ दे."
"ऊन दहाला येतं! डिचोलीचा माजीक काल आला,
मोबाईलवर चार फोटो काढले,
संध्याकाळी आकडा पाठवला. तू अंदाज तरी लिही."

आत उतरलो. वाशांना सळई टोचत गेलो.
नऊ ठणठणीत. दहाव्यात ती शिरली
पावाच्या मऊ गरात बोट शिरावं तशी.
असे तीन निघाले.

वहीत लिहिलं: किंदळीचे वासे तीन.
जुनी कौलं अर्धी धरली.
आढ्याला सिमेंट, जे या दिवसांत धरायला
दोन दिवस मागतं.
माणसं चार, दिवस नऊ.
मग ती ओळ, जी मी पूर्वी लिहीत नसे:
दव वाळेपर्यंत थांबणे, रोज तीन तास, मजुरी चालू.

पाच वर्षांपूर्वी, होंड्याला, एका शेडवर
पुतू साडेसातला वर चढला.
मीच म्हटलं होतं चढ,
दिवस लहान आहे, काम अंगावर घेतलंय.
आता तो बाजारात लिंबं विकतो,
डावा पाय बाकाखाली सरकवून.
ही ओळ त्याच्या हिशेबाची नाही.
त्याचा हिशेब कुठल्या चौरस फुटात बसत नाही.
ही फक्त पुढच्या पोराची.

कायतानबाबने पिठाच्या हातानेच कागद धरला.
"हे काय? माजीक अकरा हजारांनी स्वस्त आहे."
"बाब, थंडीत तुमचं पीठ कधी फुगतं?"
"सूर घालूनसुद्धा दोन तास उशिरा.
बाराऐवजी दहालाच मळायला घेतो."
"मग हे तेच."
त्याने परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"पण मी गिऱ्हाइकाला त्याचे पैसे लावत नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी सहा पोळ्या घेतल्या. नेहमीच्याच दराने.
एक तिथेच उभ्याने खाल्ली, चहात न बुडवता.

दहाला ऊन आलं. कौलांतून वाफ निघायला लागली,
आधी टोकाला, मग ओळीओळीने.
कुणी सांगितलं नव्हतं, तरी पुन्हा चढलो,
प्रत्येक ओळ वाजवत गेलो.
मघा मुकी होती त्यातली बरीच बोलली.
तीनशे कौलं माझ्या अंदाजापेक्षा जास्त जिवंत.

खाली येऊन आकडा खोडला, सहा हजार उतरवले.
कायतानबाब वाचत होता, ओठ हलवत.
"अजून पाच राहिले," म्हणाला.
"ते राहणार."
त्याने कागद किलोच्या वजनाखाली ठेवला.
"सांगतो," म्हणाला,
आणि उद्याच्या पिठासाठी पाणी तापत टाकायला आत गेला.