मोजदाद

माझं काम मागं चालायचं.
पुढं बमूमामा झोरे, मधे अकरा पाहुणे,
आणि शेवटी मी :
गळ्यात शिट्टी, पाठीवर मीठ-साखरेचं पाणी,
एका हातात पिशवी, पाहुण्यांच्या हातून पडलेल्या कागदांसाठी.
दर वळणावर डोकी मोजायची.
रोज चारशे रुपये, नाष्टा रिसॉर्टचा,
कॉलेज उघडेपर्यंत.

रिसॉर्टच्या नकाशात ही वाट म्हणजे ट्रेल नंबर तीन,
सात किलोमीटर, सोपी ते मध्यम.
बमूमामा म्हणतो, म्हशींची वाट.
म्हशीच नाहीत आता, पण वळणं त्यांचीच आहेत,
कुणालाच घाई नसल्यासारखी.

मे महिना. कणकुंबीकडून वारा येतो तो
काजूच्या बोंडांचा आंबूस वास घेऊन.
ओढ्यात पाणी नाही,
फक्त दगडांवर पाण्याची उंची राहिलीय, काळ्या रेघेत.
हुबळीच्या बाईंच्या ओढणीला करवंदाचा डाग पडला.
निघेल का, विचारतात.
नाही निघत.
निघेल, म्हणते मी.

बमूमामाचं बोलणं कमी.
किंजळाच्या सालीवरची अस्वलाची नखं
तो हनुवटीनं दाखवतो.
पाहुण्यांत निम्मे मराठी, निम्मे कन्नड,
म्हणून त्यानं एक शब्द धरून ठेवलाय, दोन्हीकडं चालणारा.
सावकाश या.
सावकाश बर्री.

पुण्याच्या पोरानं विचारलं, महाराष्ट्र कुठून सुरू होतो?
मामा म्हणाला, फोनला विचारा, स्वागताचा मेसेज येईल.
थोड्या वेळानं पोराचा फोन वाजला.
आला का?
आला. गोव्याचा.
तेवढ्यावर सगळे हसले, कन्नडवाले जरा उशिरानं.

मग सपाटी लागते. एक फणस, बुंध्यापासून लगडलेला.
इथं बमूमामा चालता चालता वाकला.
मान खाली, उजवा पाय जरा उचलून पलीकडं,
आणि पुन्हा ताठ.

वर काही नव्हतं.
फांदी नाही, वेल नाही,
कोरडं पांढरं आभाळ.

त्याच्यामागं हुबळीच्या बाई वाकल्या.
मग निवृत्त बँक मॅनेजर, टोपी सावरत.
नवं लग्न झालेलं जोडपं, हात न सोडता.
पुण्याचा पोरगा, फोन छातीशी धरून.
पुढचा वाकला म्हणून मागचा,
पुढच्यानं पाय उचलला म्हणून मागच्यानं,
अकराच्या अकरा.

ही माझी पाचवी खेप.
याआधी मी इथं डोकी मोजत असायचे,
आणि डोकी मोजताना कमरा दिसत नाहीत.

जवळ गेल्यावर पाल्यात उखळ दिसलं,
तोंडापर्यंत मातीनं भरलेलं.
मुंग्यांनी आत घर केलेलं.
आचारी एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाला होता,
झोऱ्यांची वाडी आत होती कुठंशी, जंगल खात्यानं हलवली,
बमू तेव्हा मिसरूड न फुटलेला.
मी तेव्हा कालवण वाढून घेत होते.

मॅनेजरनी विचारलं, इथं काही होतं का हो?
मामा म्हणाला, फणस होता.
मग वर बघून म्हणाला, हाय की अजून.
आणि चालू लागला, नेहमीच्या चालीनं,
सावकाश न म्हणता.

मी ठेंगणी. त्या दारातून
मला सरळ जाता आलं असतं.
तरी वाकले.
शिट्टी गळ्यातून पुढं लोंबली,
वाजली नाही.

पुढच्या वळणावर मोजले. अकरा.
पुन्हा मोजले.

संध्याकाळी वहीत एक रकाना भरायचा असतो :
वाटेत काही अडथळा?
रोज लिहिते, नाही.
आज नाही लिहिलं, खोडलं,
मॅनेजर किल्ल्या वाजवत दारात उभे,
म्हणून घाईघाईत लिहिलं,
एके ठिकाणी वाकावं लागतं.