एक्केचाळीस पॉइंट सहा

सारंगखेड्याच्या पुलाखाली, वैशाखात, सकाळी साडेआठला
माझ्या फिशफाइंडरच्या म्हणण्यानुसार
तापीचं पाणी एक्केचाळीस पॉइंट सहा.

इतक्या पाण्यात मासा राहत नाही, शिजतो.
आणि त्याच काचेवर, आकड्याच्या जरा खाली,
माशांच्या कमानी निवांत चाललेल्या.

मी दोंडाईच्याचा. मोटारी भरतो.
जळक्या पाणबुडी मोटारी, तांब्याची तार, वार्निशचा वास,
यात बावीस वर्षं गेली.
वस्तू खोटं बोलते म्हणजे कुठेतरी एक टोक सुटलेलं असतं,
एवढंच शिकलो.
कयाक पुण्याच्या एका पोराकडून घेतलेली, वापरलेली,
पथारीवर वाळणाऱ्या मिरचीच्या रंगाची.

तर सुरुवात केली.
फॅरनहाइट नाही, सेल्सिअसच.
प्लग उपसला. एका पिनेवर हिरवट किटण,
ब्लेडनं खरवडलं, रॉकेलचा बोळा फिरवला.
एक्केचाळीस पॉइंट चार.
वायर कुठे चेमटली का, बोटांनी चाचपत
टोकापर्यंत गेलो. धड होती.
बंद करून चालू केलं. सगळेच करतात, मीही केलं.
एक्केचाळीस पॉइंट नऊ.

झिपरू भोई थर्माकोलच्या तराफ्यावरून बघत होता,
जाळं मांडीवर, पाय पाण्यात.
"काय म्हणस तुन्हं डबडं?"
सांगितलं.
त्यानं पाय जरासा हलवला, कपात साखर ढवळावी तसा.
"येडं शे ते."

दुसऱ्या दिवशी डेअरीच्या उत्तमसिंग गिरासेंकडून
दुधात बुडवायचा काचेचा थर्मामीटर मागून आणला.
सुतळीला बांधून हातभर खोल सोडला,
एक विडी संपेल इतका वेळ थांबलो.
तीस. नळीला अजून सायीचा वास.

मग नाव काठावर ओढून पालथी केली
आणि बघत बसलो.
सेन्सर बाहेर कुठेच नव्हता.
त्या पोरानं तो आतून चिकटवलेला, नावेच्या पोटात,
सिलिकॉन थापून.
आवाज प्लास्टिकमधून आरपार जातो,
म्हणून खोली बरोबर, मासेही बरोबर.
पाण्याला मात्र त्यानं कधी हातच लावला नव्हता.
सकाळपासून तापलेली नावेची पाठ,
माझ्या टाचेखालची ऊब,
तेवढं तो इमानानं सांगत होता.
मी नदीचं विचारत होतो.

रात्री दुकानात वाइंडिंगच्या सुरीनं सिलिकॉन कापलं,
जुन्या पंख्याची पट्टी वाकवून क्लॅम्प केला.
बायको दारात येऊन म्हणाली,
चार मोटारी पडल्यात, लोकांचे फोन येतायत.
हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सेन्सर बाहेर, पाण्यात.
आकडा हळूहळू उतरला, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा,
आणि तीस पॉइंट पाचवर टेकला.
काचेचा म्हणे तीस.
मेनूत खोल कुठेतरी हा अर्धा अंश वजा करायची सोय आहे.
पण दोघांत चुकतं कोण, ते ठरेना.
राहू दिला.

पुलाचा पाचवा खांब ओलांडला
आणि एकदम अठ्ठावीस पॉइंट तीन.
मी पुन्हा प्लग उपसला. पिना लखलखीत.
क्लॅम्प घट्ट. वायर धड.
मागे आलो, तीस पॉइंट पाच.
पुढे गेलो, अठ्ठावीस पॉइंट तीन.
थर्मामीटर सोडला. तोही खाली आला.

झिपरूला हाक मारली, जागा दाखवली.
तो यंत्राकडे वळलाच नाही.
"तठे आम्हना झिरा व्हता," म्हणाला,
"डांगरवाडीना. बॅरेजना पह्यले.
मन्ही मायनी खंदेल."
तराफा जवळ आणून त्यानं पाय आत सोडला,
पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत,
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
"आजून चालू शे, म्हंजे."

वाऱ्यानं नाव सरकली की आकडा चढायचा.
म्हणून मी वल्हं मारत जागा धरून राहिलो.
अठ्ठावीस पॉइंट तीन.
अठ्ठावीस पॉइंट दोन.