युवायी

पाचव्या आठवड्यातला बुधवार. ॲलिस स्प्रिंग्ज.
वर्गातला एसी नुसता खोकत होता.
सकाळी फौजदारी कायदा झाला:
गुन्ह्याला दोन पाय असतात, कृती आणि हेतू,
एका पायावर खटला उभा राहत नाही.
सार्जंट प्रुइटने फळ्यावर लंगडा माणूस काढून दाखवला.
आम्ही हसलो, वहीत उतरवून घेतला.

जेवणानंतर पूर्वग्रह.
पडद्यावर चेहरे, एकेक सेकंद.
बटण दाबा: धोका, धोका नाही.
माझ्या निकालाचा कागद
मी घडी करून मोज्यात खुपसला.
कुणाला दाखवला नाही. अजून नाही.

मग मेव्हिस आंटी आल्या.
कोर्टात तीस वर्षं दुभाषी,
पायात रबरी चपला, हातात अर्धवट सोललेलं संत्रं.
खुर्ची त्यांनी माझ्या शेजारी ओढली, समोर नाही.
खिडकीतल्या लाल डोंगराकडे बघत म्हणाल्या,
"आमच्या वार्लपिरीतला एकच शब्द शीक.
युवायी. म्हणजे हो."

आणि सुरू झाल्या.
लांबलचक वाक्य, शेवटी आवाज किंचित वर.
मला ओ की ठो कळेना.
सव्वीस डोळे माझ्यावर,
आणि उत्तरासाठी थांबलेली एक म्हातारी.
"युवायी," म्हटलं.
त्या खूश. पुढचं वाक्य. "युवायी."
तिसऱ्याला मी मानही डोलावली.
चौथ्याला तर वाटलं, जमतंय की आपल्याला.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "या पोराने कबूल केलंय,
दारूच्या दुकानाची काच सोमवारी रात्री यानेच फोडली,
दगड घरूनच खिशात घालून आणला होता,
झाला ना तुमचा दुसरा पाय?
त्या वेळी हा डार्विनला होता, पंधराशे किलोमीटर लांब.
आणि मी याची बायको आहे."

असा हशा की एसी ऐकू येईना.
मीही हसलो. कान तापले होते.

त्यांनी संत्र्याची एक फोड काढली, खाल्ली नाही.
"माझा भाऊ अठरा वेळा म्हणाला.
पोलीस दमला होता. वाईट नव्हता, चहा दिला त्याने.
भावाला वाटलं, हो म्हटलं की हा शांत होईल, घरी सोडेल.
हुंकार होता रे तो,
गोष्ट ऐकताना मूल देतं तसा. ऐकतोय, सांग पुढे.
टाईप करणाऱ्याने होकार लिहिला."

हॅमिशने भावाचं नाव विचारलं.

त्या डोंगराकडेच बघत राहिल्या.
गेलेल्याचं नाव घेत नाहीत
हे सकाळी वाटलेल्या कागदांत पान नऊवर होतं.
हॅमिशच्या पान नऊवर कॉफीचा मग होता.

परीक्षेत मला ब्याण्णव.
मौन ही कबुली ठरत नाही: बरोबर.
नजर चुकवणे हा पुरावा ठरत नाही: बरोबर.

मग मार्चमधली एक रात्र. पेट्रोल पंपामागे
सोळाएक वर्षांचा मुलगा, टाचेत काच गेलेली,
नजर माझ्या बुटांवर.
तू फोडलंस? येस.
एकटाच होतास? येस.
बरोबर कुणी होतं? येस.
पहिलं येस तोवर माझ्या पेनातून उतरलंही होतं.

दुभाष्यासाठी फोन केला. चार तास लागतील म्हणाले.
गाडीतून थॉर्नबरीने हॉर्न दिला. दोनदा.
पान फाडता येत नाही, प्रत्येकावर नंबर असतो.
मी मुलाच्या शेजारी फुटपाथच्या कडेला बसलो,
त्याला टाचेसाठी रुमाल दिला,
आणि आम्ही दोघं समोरच्या तारेच्या कुंपणाकडे बघत राहिलो.

उजवा घोटा खाजत होता,
मोज्यात आता काही नसताना.