अर्धा आटा

गाडी घेतली धायरीच्या एका पोराकडून.
कॅनडाला निघाला होता, घाईत होता,
म्हणून अडतीस हजारांत जमलं.
लांबलचक, बुटकी, मागे रेलून चालवायची.
टाकीवर कवटी, मुठींना झालरी,
आणि सायलेन्सर असा, की पार्किंगमध्ये शिरलो
तेव्हा वॉचमनचं कुत्रं
कायमचं माझ्या वैरावर गेलं.

कुंदा खाली आली. भाजीवालीच्या टोपलीभोवती फिरतात
तशी गाडीभोवती फिरली.
"ही कोण?"
"कवटी. डिझाइन असतं."
"मेलेलं कुणी आपल्या टाकीवर बसणार नाही."
मग क्रोमकडे वळली :
"बोहारणीला दोन शालू देऊन आणलीत का?"

रंग हवा आमसुलाचा.
नाना पेठेत लतीफकडे मी वाटीतून नमुना नेला.
पहिला हात बिटाचा निघाला,
दुसरा नवरदेवाच्या फेट्याचा.
तिसरा मलाच पसंत पडला होता, पण कुंदा म्हणाली,
"हे वाळलेलं. मी भिजलेलं म्हटलं होतं."
लतीफनं वाटीतलं आमसूल तोंडात टाकलं,
थोडा वेळ डोळे मिटून बसला.
चौथा रंग बरोबर आला.

तिचा डावा गुडघा दुखरा,
म्हणून मागचं फूटरेस्ट दीड इंच खाली घेतलं,
पाठीला टेकू, वर जाड फोम.
स्टँडवर उभ्या गाडीवर ती मागे बसलेली,
मी खाली फूटपट्टी घेऊन उकिडवा,
तेवढ्यात चेअरमन गुपचूप साहेब आले.
"कुठे निघालात, वहिनी?"
"कुठे नाही. मापं देतेय."

डाव्या आरशाखाली आणखी एक आरसा बसवला, रुपयाएवढा.
त्यात रस्ता दिसत नाही, मी दिसतो.
"वाट चुकलात की तुमच्या कपाळावर कळतं,"
ती म्हणाली, "तोंडानं कधी सांगितलंयत?"

आवाजाचं मात्र तिला सांगावं लागलं नाही.
पंचवीस वर्षं ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात सिस्टर आहे.
तिथं चमचा पडला तरी सगळ्या जणी
आधी पेट्यांकडे बघतात.
मी कंपनीचा सायलेन्सर परत चढवला,
जिथे पत्र्याला पत्रा लागत होता तिथे रबर घातलं,
साखळी, स्टँड, नंबरप्लेट,
सगळं बोलतं बंद केलं.
भोसरी ते कर्वेनगर एकवीस गतिरोधक,
एकावरही गाडी हुं की चूं करीना.
टूलरूममध्ये जन्म गेलेल्या माणसाला
यापरतं सुख नाही.

सेकंड शिफ्ट करून साडेबाराला घरी आलो.
कुंदा दारात दचकली.
"कधी आलात?"
"हा काय, आत्ता."
"कळलंच नाही."
मी शाबासकीची वाट बघत उभा.
ती आमटी गरम करायला वळली, पाठमोरीच म्हणाली,
"स्कूटरचं ते स्टेपनीचं झाकण, आठवतंय?
डेअरीच्या कोपऱ्यावर वाजायचं.
ते वाजलं की मी गॅस लावायचे.
आता नुसती बसून असते."

ती एवढंच बोलली. पुढे लिंबाच्या लोणच्याचा विषय निघाला.

रविवारी सकाळी खाली गेलो, दहा नंबरचा पाना घेऊन.
साडीगार्डचा खालचा नट.
एकतीस वर्षं सैल नटासाठी मी पोरांना मेमो दिलेत,
शतांश मिलिमीटरवरून भांडलोय.
आजूबाजूला बघितलं,
चोरी केल्यासारखा पाना लावला,
आणि सोडला. अर्धा आटा.
पडू नये म्हणून मागून लॉकनट.
हातानं हलवून ऐकलं.
खिळ्‌, खिळ्‌.
पाळण्यातलं बाळ उठणार नाही याला.

सोमवारी रात्री डेअरीचा कोपरा वळलो, गतिरोधक आला,
आणि तिसऱ्या मजल्यावर
स्वयंपाकघरातला दिवा लागला.

गुपचूप साहेबांचे कान तिखट.
दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये म्हणाले,
"एवढी गाडी सजवलीत, पण काहीतरी वाजतंय हो.
बघून घ्या."

म्हटलं, बघूनच ठेवलंय.