अकरा दिवसांचं पिवळं

टपाल कचेरीत, पार्सलांच्या वजनकाट्याच्या वर
हे चित्र टांगलंय. खिळा मीच ठोकला, जरा तिरकाच.
तिकिटं घ्यायला थांबलेला प्रवासी विचारतो, कुठला हा डोंगर?
मी खिडकीकडे बोट करते.
तो बघतो, पुन्हा चित्राकडे बघतो,
म्हणतो, छे.

त्याचंही खोटं नाही.
खिडकीतल्या डोंगराला रस्ता आहे,
विजेचे खांब, बंद खाणीचं गंजकं धूड.
कट्टालिन इरिबार्नेनं यातलं काहीच घेतलं नाही.
सव्वीस वर्षं ती काउंटीचा बर्फनांगर चालवायची,
त्याच रस्त्यावर, पहाटे चारला, थर्मास मांडीत धरून.
मी विचारलं होतं, रस्ता कुठे गेला?
म्हणाली, जन्मभर मीच उकरून काढला त्याला,
आता एकदा तरी राहू दे बर्फाखाली.
चित्रात बर्फ नव्हताच. शरद होता.

नेवाडातला आमचा शरद अकरा दिवसांचा.
डोंगराच्या सुरकुत्यांत अ‍ॅस्पेन पेटतात,
त्यांच्या पायाशी सेजची झुडपं, बारा महिने राखाडी,
आणि अगदी खाली आटलेल्या तळ्याचं मीठ.
बाराव्या दिवशी वारा येतो,
पाटी पुसून जातो.
म्हणून एका प्लायवूडला सात वर्षं लागली.

जवळ या, म्हणजे दिसेल.
डावीकडचं आभाळ गढूळ, सुकल्या जर्दाळूसारखं:
ते आगीचं वर्ष. कॅलिफोर्निया जळत होतं
आणि धूर आमच्याकडे येऊन बसला,
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा.
मधल्या घळीत पिवळं दाट, सुरीनं लिंपलेलं:
त्या साली पाऊस झाला.
लगतचं इतकं विरळ की लाकडाच्या रेघा दिसतात:
त्या साली लोकांनी मेंढ्या जुलैतच विकल्या.

सावल्यांपाशी ती अडायची.
एकदा मला विचारलं, सांग, सावली कुठल्या रंगाची?
मी म्हटलं, काळी.
तिनं मला दंडाला धरून उन्हात उभं केलं,
पाच मिनिटं, शिक्षा केल्यासारखं.
आता?
जांभळी, मी म्हटलं. नाही, थांब. आत निळं आहे.
ती काही बोलली नाही. ब्रश पुसला.
तेवढ्यानं मी आठवडाभर खूश होते.

उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा कोरी आहे.
लोकांना ते मीठ वाटतं.
त्या साली तिचा भाऊ बेत्री एल्कोच्या इस्पितळात होता,
ती त्याच्या उशाशी.
मातीत ठेवून परतली तेव्हा तेरावा दिवस,
झाडं उघडी.
पुढच्या वर्षी भरता आलं असतं की, मी म्हटलं,
पिवळं ते पिवळंच.
ती म्हणाली, हे मी पाहिलेलं नाही.

तिच्या बापाचं नाव आहे वरच्या रानात,
मेंढ्या राखताना चाकूनं कोरलेलं.
कोरलं तेव्हा केसाएवढी रेघ होती;
आता साल फुगून अक्षरं बोटाएवढी काळी झालीत,
वाचता येत नाहीत, नुसती हाताला लागतात.
तेही चित्रात नाही.

ती मार्चमध्ये गेली.
भाचा सामान न्यायला आला, घोंगड्या नेल्या, रंगांचे डबे नेले.
हे गाडीत मावेना. म्हणाला, ठेवता का?

शनिवारी मी ओल्या फडक्यानं पुसते.
रंगात वाळू अडकलीय, खरी,
वारा होता तेव्हाची,
आणि आभाळात एका डासाचा पाय.
घासलं तरी निघत नाही. मी फार घासतही नाही.

आज नववा दिवस.
दारावर पाटी लावते, दहा मिनिटांत येते,
आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहते,
तिच्याच रस्त्याच्या.
डोंगरावर उजवीकडे, त्या कोऱ्या जागेच्या रेषेत,
हात कपाळाशी धरून बघते.
आहे.
मागून प्रोपेनचा ट्रक येतो, भोंगा वाजवतो.
वाजवू दे.